टेकडी, नाला आणि पाळ : झाड कुठं हवं, कुठं नको

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुमचं गाव अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून झालेला पाझर तलाव. गेल्या पावसाळ्यात चार दिवस झडी लागली आणि शेवटच्या रात्री जोराचा पाऊस झाला. टेकडीचा एक तुकडा खचून नाल्यात आला. गोटे, चिखल, ओंडके असं सगळं तलावात उतरलं, सांडव्यावर, म्हणजे तलावाचं जादा पाणी जायच्या वाटेवर, फांद्या अडकल्या आणि पाणी पाळीच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) माथ्याखाली हातभर राहिलं. आता ग्रामसभेत तीन मतं आहेत. पोरं म्हणतात, टेकडीवर दहा हजार झाडं लावू. म्हातारी माणसं म्हणतात, झाडांच्या वजनानंच टेकडी बसली, पाळीवरचीही तोडून टाका. तिसरा गट म्हणतो, पोकलेन लावून गाळ काढा, बाकी काही नको. आणि तुम्ही विचारता, झाडांनी दरड थांबते की येते?

मी तीसेक वर्षं मृद व जलसंधारणाच्या कामात काढली, त्यातली बरीचशी अमरावती, अकोला आणि यवतमाळमध्ये. मला तुमच्या हकिकतीत सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या 'हातभर' शब्दाची. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तरी ते बहुधा उभं राहतं. मातीची पाळ मात्र वरून वाहणारं पाणी सोसत नाही. एकदा धार लागली की काही तासांत खाच पडते आणि तलाव गावाकडं निघतो. म्हणून टेकडीवर, नाल्यात किंवा पाळीवर जे काही कराल, त्यानं सांडवा मोकळा राहतो का आणि पाळ शाबूत राहते का, हे आधी बघा. झाडाचं काम या तीन जागी तीन तऱ्हेचं आहे. तुमच्या ग्रामसभेत तिन्ही जागांची गोष्ट एकत्र झाली, म्हणून भांडण मिटत नाही.

आधी टेकडी. म्हातारी माणसं वजनाचं म्हणतात ते हिशोबात बसत नाही. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १००० टन भरतं. आपल्या कोरड्या पानझडी जंगलात हेक्टरी झाडांचं सगळं वजन त्याहून पुष्कळ कमी असतं. टेकडी बसते ती पाण्यानं. माती आणि मुरुमाच्या फटींमध्ये पाणी भरतं, कणाला कण धरून ठेवणारी पकड सुटते आणि उतार तीव्र असेल तर तो थर खाली सरकतो. २५ ते ४५ अंशांचे उतार अशा उथळ दरडींचे. त्याहून सपाट जागी माती सहसा सरकत नाही आणि त्याहून उभ्या कड्यावर माती टिकलेलीच नसते.

झाड इथं दोन कामं करतं. एक, मुळांनी मातीतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं पावसाआधी जमीन कोरडी असते आणि पहिले पाऊस पचवते. पण आपला साग उन्हाळाभर उघडा असतो, पानं येतात जूनमध्ये. आणि ऑगस्टच्या झडीत जमीन चार दिवस भिजलेली असली की कोणतंच झाड तिला कोरडी ठेवू शकत नाही. तुमच्याकडं दरड आली त्या रात्री हे पहिलं काम संपलेलं होतं. उरलं दुसरं, मुळांची पकड. स्लॅबमध्ये सळ्या जे काम करतात तेच इथं मुळं करतात, आणि जाड मुळांपेक्षा बोटाहून बारीक मुळांचं जाळं जास्त कामाचं असतं. हे जाळं दाट असतं ते वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये. त्याखाली एखादं मूळ खडकाच्या भेगेत शिरलं तर खुंटीसारखं काम करतं, पण त्यावर भरवसा ठेवून आराखडा करता येत नाही.

म्हणून मी कुठल्याही उतारावर गेलो की आधी एकच गोष्ट बघतो : माती कुठल्या खोलीवरून सरकली? सरकण्याचा थर मुळांच्या आत असेल तर झाडं कामाची. तो मुळांच्या खाली असेल तर झाडं त्या मातीच्या पाठीवर बसून खाली येतील. याचं जगातलं सगळ्यात भयंकर उदाहरण इटलीतल्या व्हायोंट धरणाचं. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री जलाशयाच्या काठचा डोंगर सुटला आणि सुमारे २६ कोटी घनमीटर दगडमाती पाण्यात कोसळली. लाट धरणावरून उडाली आणि खालच्या गावांतली सुमारे २००० माणसं गेली. धरण मात्र जागेवर उभं राहिलं. त्या डोंगरावर झाडं होती, कुरणं होती. पण सरकण्याचा थर शंभर मीटरहून अधिक खोल, चिकणमातीच्या पट्ट्यावर होता. तिथं मुळांचा काय पाड लागणार?

आपला सातपुडा तसा नाही, पण त्यालाही थर आहेत. लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या पायऱ्या, मध्येच लाल मातीचा पट्टा. विहीर खोदणाऱ्यांना तो चांगला माहीत असतो. पाणी या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. पायरीच्या पुढं वर्षानुवर्षं साचलेला गोटे-मुरुमाचा ढीग असतो, आणि सुटतो तो बहुतेक हाच. तुमच्या गावाखालचा गोट्यांचा पट्टा, ज्याला भूजलवाले 'बझाडा' म्हणतात आणि जिथं पाणी झपकन मुरतं, तो याच डोंगरानं हजारो वर्षांत खाली टाकलेला माल आहे. म्हणजे गेल्या वर्षी जे झालं ते या डोंगराला नवीन नाही. त्या वाटेवर आता तुमचा तलाव आहे, एवढाच फरक.

मग तुमची दरड उथळ की खोल? हे फोटोवरून ठामपणे सांगणार नाही, पण तुम्हाला स्वतः बघता येईल. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, खचलेल्या जागेच्या कडेनं जा. वरच्या तुटलेल्या भिंतीत मुळं तुटून लोंबत असतील आणि तळाशी कठीण मुरूम किंवा खडक उघडा पडला असेल, तर दरड उथळ. झाडं उलटीपालटी होऊन आली असतील तरी बहुधा उथळच. याउलट झाडं उभीच्या उभी जागेसकट खाली सरकली असतील आणि माथ्यावर अर्धगोल भेग पडली असेल, तर थर खोल आहे आणि अजून सरकायचा शिल्लक आहे. आजूबाजूची झाडंही साक्ष देतात. बुंधा मुळाशी वाकडा आणि वर सरळ झालेला असेल तर तिथली माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते आहे. झाडं वेगवेगळ्या दिशांना कललेली दिसली तर हालचाल ताजी आहे. असं काही दिसलं तर झाडं लावायची घाई करू नका. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. झाड तोडलं की दरड त्याच वर्षी येत नाही. मेलेल्या झाडाचं मूळ जमिनीत हळूहळू कुजतं. नवीन झाडांची मुळं पसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळं तोडीनंतर साधारण तीन ते दहा वर्षांच्या काळात उतार सगळ्यात दुबळा असतो. म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे : त्या टेकडीवर पाच-सात वर्षांपूर्वी काय झालं होतं? तोड झाली होती का? मोठा वणवा लागला होता का? लोक गेल्या वर्षीचा पाऊस आठवतात, जुनी कुऱ्हाड विसरतात. साग, पळस, तेंदू यांचं एक बरं असतं, तोडल्यावर फुटवा येतो आणि मूळ पुरतं मरत नाही. पण फुटवा टिकायला ढोरांपासून राखावा लागतो. आणि टेकडीवरची जुनी खोडं जळणासाठी मुळासकट उकरत असाल तर ते आजच बंद करा.

दुसरं, जंगल दिसतं म्हणजे जमीन झाकलेली आहे असं नाही. सागाची एकजात लागवड असेल आणि खालचा पाचोळा दरवर्षी जळत असेल, तर पावसात त्या जमिनीवर जाऊन बघा. सागाच्या रुंद पानांवर थेंब एकत्र होतात आणि मोठे होऊन खाली पडतात. उघड्या मातीला त्यांचा मार साध्या पावसापेक्षा जास्त बसतो. मी मेळघाटच्या कडेला अशा लागवडीत बोटभर उंचीचे मातीचे खांब पाहिलेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. खड्यानं झाकलेली तेवढी माती राहिली, भोवतालची बोटभर एका पावसाळ्यात गेली. ती गेली कुठं? खालच्या तलावात. दरड नसतानाही तलाव असाच भरत असतो. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळायची आपल्याकडं रीत आहे. ती लोकांच्या पोटाची गोष्ट आहे, त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पण झाडाखाली पाला झाडून घेतला किंवा जुन्या साड्या अंथरल्या तरी मोह वेचता येतो आणि टेकडी वाचते. तलावाच्या पाणलोटापुरता तरी ग्रामसभेनं हा ठराव घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता पोरांच्या दहा हजार झाडांकडं येतो. हेतू चांगला आहे, पण खड्डे खोदून खचलेल्या उतारावर रोपं लावणं म्हणजे त्याच उतारात पाणी भरायची दहा हजार भांडी करणं. हीच चूक सलग समतल चरांची, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चरांची. चर ही चांगली गोष्ट आहे, मी आयुष्यभर काढून घेतले. पण त्यांचं काम पाणी मुरवणं, आणि जो उतार पाणी मुरल्यानं खचतो तिथं ते घातक. ३३ टक्क्यांहून तीव्र उतारावर मी चर खोदू देत नसे, आणि भेग पडलेल्या उतारावर तर कधीच नाही. पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडलं गेलं तेव्हाही डोंगरावरच्या सपाटीकरणाची चर्चा झाली होती. तिथं कारणं अनेक होती, पण उताराची घडी मोडून पाणी आत घालू नये, एवढा धडा आपण घेऊ शकतो.

खचलेल्या जागी पहिल्या वर्षी करायचं काम झाडाचं नाहीच. माथ्यावरची भेग चिकणमातीनं ठासून बंद करा आणि वरून येणारं पाणी बाजूला वळवा, सरळ नाल्यात जाईल असं. मग गवत. मारवेल, पवन्या यांचं बी पहिल्या पावसात फेका, उघड्या कडांवर घायपात आणि निर्गुडीच्या आडव्या ओळी लावा. चराईबंदी पाळली तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जमीन झाकली जाते. झाडं त्यानंतर, मिसळ, इथलीच : धावडा, ऐन, मोह, बोर. बांबूबद्दल सगळे विचारतात. त्याचं मुळांचं जाळं दाट पण उथळ असतं, त्यामुळं तो नाल्याच्या काठाला उत्तम, खोल मातीच्या तीव्र उताराला आधार म्हणून कमी. शिवाय आपला मानवेल बांबू फुलोऱ्यावर आला की रांजीच्या रांजी (बेटं) एकदम मरतात आणि मुळं एकदमच कुजतात, हेही ध्यानात ठेवा. जागा वनजमिनीवर असेल तर सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावानं मिळून जंगल राखायच्या आणि वापरायच्या कायदेशीर हक्काचा, रस्ता आहे. तुमच्याच बाजूच्या अचलपूर तालुक्यात पायविहीर गावानं हा हक्क मिळवून उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली. तिथं जाऊन या, माझ्या लिहिण्यापेक्षा त्यानं जास्त कळेल.

नाला ही दुसरी जागा, आणि माझ्या मते तुमचा खरा घात इथं झाला. टेकडीवरून सुटली ती माती थोडीच असेल. समजा ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १ मीटर जाड. म्हणजे १००० घनमीटर, साडेतीनशे ब्रासच्या वर. पण चिखल-गोट्यांचा लोंढा तीव्र नाल्यातून येताना तळ आणि काठ खरवडत येतो आणि वाटेत फुगतो. काठावर घट्ट मुळांची झाडं असतील तर खरवडणं कमी. मात्र नाल्याच्या पात्रातच मोठी झाडं वाढलेली असतील, किंवा पडलेली खोडं साचलेली असतील, तर तीच ओंडके होऊन तुमच्या सांडव्यावर येतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली पालान्येद्रा धरणावर असंच झालं. पुरात वाहून आलेल्या लाकडांनी सांडवा तुंबला आणि पाणी धरणावरून गेलं. ते काँक्रीटचं होतं म्हणून टिकलं. तुमचं मातीचं आहे.

तेव्हा पात्र मोकळं ठेवा आणि काठ हिरवे ठेवा. दरवर्षी मे महिन्यात श्रमदानानं पडलेली खोडं पात्राबाहेर काढा. वरच्या भागात, जिथं नाला तीव्र आहे, तिथं अनघड दगडी बांधांवर विसंबू नका. लोंढा आला तर त्यांचेच दगड तो सोबत घेऊन येतो. जाळीचा गॅबियन बंधारा पक्क्या खडकात बसवला तर बरा. ओंडके अडवायला लोखंडी रुळांची उभी गज-रांग करता येते, पण ती तलावाच्या बरीच वर, नाल्यात. सांडव्याच्या तोंडावर जाळी कधीच बसवू नका, ती स्वतःच बूच होते. आणि नाला जिथं डोंगरातून बाहेर पडून सपाट होतो, उतार दहा अंशांच्या आत येतो, तिथं दोन्ही बाजूंना झाडं आणि बांबू जितके दाट लावता येतील तितके लावा. लोंढ्याचा जोर तिथं ओसरायलाच लागलेला असतो. झाडांची गर्दी मिळाली की गोटे तिथंच थांबतात आणि तलावात फक्त गढूळ पाणी येतं. तुमच्या दहा हजारांतली निम्मी झाडं इथं लागली तर मला आनंद होईल.

पाळीबद्दल म्हाताऱ्या माणसांचं बरोबर आहे, कारण वेगळं असलं तरी. मातीच्या पाळीवर गवताशिवाय काही नको. झाडाचं मूळ पाळीत शिरतं, झाड मेलं की कुजतं आणि तिथं नळी तयार होते. वादळात झाड उन्मळलं तर पाळीचा लचका घेऊन जातं. झुडपांत घुशी आणि साळिंदर बिळं करतात, आणि पाझर सुरू झाला तरी दिसत नाही.

पण 'तोडून टाका' एवढंच करू नका. ही चूक माझ्या हातून झाली आहे. एका तलावाच्या पाळीवरची मोठी बाभूळ मी जमिनीलगत कापून घेतली आणि काम झालं असं समजलो. सहा वर्षांनी तलाव पूर्ण भरला तेव्हा त्याच जागेखाली ओल आली, मग पाणी झिरपायला लागलं. उकरल्यावर बोटभर रुंद पोकळ वाट सापडली, आत कुजलेल्या लाकडाचा भुगा. पाणी स्वच्छ येत होतं म्हणून वेळ मिळाला. गढूळ आलं असतं तर पाळीची माती वाहून जायला लागली, असा त्याचा अर्थ झाला असता. तेव्हापासून मनगटाएवढ्या बुंध्यापर्यंतची झुडपं दर हिवाळ्यात कापायची, आणि त्याहून मोठं झाड असेल तर पाणी खाली गेल्यावर, अभियंत्याच्या देखरेखीत, मुळासकट उकरून खड्डा थराथरानं ओली माती ठोकून भरायचा, असा नेम मी धरला. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले असे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडं असतात, त्यांच्याकडं लेखी अर्ज द्या. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटरची काही धरणं अटींसह त्यात येतात. तुमची पाळ बहुधा त्यात बसणार नाही, त्यामुळं तिच्यावर लक्ष ठेवणारं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे तुम्हीच.

गाळ काढणाऱ्या गटाचंही अर्ध बरोबर आहे. गाळ जरूर काढा, २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनाही आहे, बरड वावरांना ती माती सोन्यासारखी. पण पाळीच्या आतल्या पायाशी पोकलेन घालू नका, आणि टेकडी जिथं तलावात उतरते तिथं तिचा पाय खोदू नका. तो गाळ आणि ढिगाराच वरच्या मातीला टेका देतो. तलाव एकदम रिकामा करणंही टाळा. काठ ओले आणि पाणी अचानक खाली गेलं की काठ घसरतात.

यंदाच्या पावसाळ्यापर्यंत झाडं काहीच करणार नाहीत, हे गावाला स्पष्ट सांगा. यंदा भरवसा पहाऱ्यावरच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टीची नोंद होते. झडीच्या तिसऱ्या दिवसानंतर तसा पाऊस सुरू झाला तर दोन माणसं सांडव्याजवळ, उंच जागी, बॅटरी आणि दोर घेऊन ठेवा. आणि एक खूण घरोघरी सांगा : पाऊस जोरात चालू असताना नाल्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर वर कुठं तरी दरडीनं नाला अडला आहे. तो अडसर फुटला की लोंढा येतो. कुणीही बघायला नाल्यात उतरू नका. नाल्याकाठची घरं लगेच रिकामी करा आणि तलाठ्याला फोन करा.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. खचलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सब्बलीनं खड्डा घेऊन किती खोलीवर कठीण मुरूम लागतो ते मोजा. माथ्यावर भेग आहे का, असल्यास तिच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून अंतर लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत मोजा. आणि त्या टेकडीवर मागच्या दहा वर्षांत तोड किंवा वणवा कधी झाला ते गुराख्यांना विचारा, त्यांना वर्षासकट आठवतं. हे इथं लिहिलंत की पुढचं बोलू.